अतिस्थूलता, घोरणे आणि अपुरा श्वास : घरच्या निरीक्षणापासून यंत्राच्या नियमित वापरापर्यंत

सांगली-मिरज परिसरात जड शरीराच्या माणसाचे घोरणे घरात थट्टेवारी नेले जाते आणि त्याच्या दिवसाच्या पेंगण्याला आळस म्हटले जाते. दुकानाच्या गादीवर हिशेब लिहिता लिहिता डोळा लागतो, सकाळी उठल्यावर डोके जड असते, जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पावलांवर सूज दिसते. या चारही गोष्टींचे खापर ‘वजन वाढलंय’ एवढ्याच वाक्यावर फोडून घरचे मोकळे होतात. वजन हे कारण आहेच. पण वजन आणि ही लक्षणे यांच्यामध्ये श्वासाचा एक आजार उभा असतो, तो तपासता येतो आणि वजन उतरण्याची वाट न पाहता त्यावर उपचारही सुरू करता येतात. हा लेख रुग्णासाठी आहे आणि त्याहून अधिक त्याच्याशेजारी झोपणाऱ्या माणसासाठी आहे, कारण या आजाराचा पहिला साक्षीदार तोच असतो.

आजार दोन आहेत, आणि दुसरा सहसा निसटतो

पहिला आजार म्हणजे झोपेतील श्वासरोध, ज्याला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोप लागल्यावर घशाचे स्नायू सैलावतात. मानेभोवती आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठलेली असेल तर आधीच अरुंद झालेला मार्ग मिटतो, छाती-पोट श्वासासाठी धडपडत राहतात आणि हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ असा श्वास अडला की तो एक प्रसंग मोजला जातो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. त्याला स्वतःला यातले काहीही आठवत नाही.

दुसरा आजार म्हणजे स्थूलतेमुळे होणारे अपुरे श्वसन, वैद्यकीय भाषेत ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन. पोटावरची आणि छातीवरची चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलते, आडवे झाल्यावर हा दाब आणखी वाढतो, फुफ्फुसांचे खालचे भाग नीट फुलत नाहीत आणि प्रत्येक श्वासाला जास्त मेहनत पडते. रात्रभर कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. सुरुवातीला दिवसा ही थकबाकी भरून निघते. पुढे पुढे मूत्रपिंडे रक्तातली आम्लता सांभाळण्यासाठी बायकार्बोनेट साठवू लागतात, मेंदूचे श्वसनकेंद्र वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडला सरावते आणि माणूस जागेपणीही कमी श्वास घेऊ लागतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून अधिक, जागेपणी धमनीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर आणि त्याला दुसरे कोणतेही कारण नाही, असे चित्र असेल तर हे निदान होते. अशा दहांपैकी साधारण नऊ रुग्णांना पहिला आजारही असतोच.

हा दुसरा आजार निसटण्याचे कारण सरळ आहे. त्याची चाहूल कार्बन डायऑक्साइडमधून लागते आणि नेहमीच्या तपासण्यांत तो मोजलाच जात नाही. धाप लागते म्हणून रुग्णाला दमेकरी ठरवले जाते, फवारे आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होतात, स्टिरॉइडने भूक आणि वजन दोन्ही वाढतात आणि मूळ दुखणे अधिक घट्ट होते. वर्षानुवर्षे ‘दम्याच्या’ गोळ्या घेणाऱ्या अतिस्थूल माणसाचा दमा फुंकर-तपासणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने, कधी सिद्ध झाला होता का, हा प्रश्न घरच्यांनी डॉक्टरांना आदरपूर्वक पण जरूर विचारावा.

पहिली पायरी : घरी काय पाहायचे, काय मोजायचे

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की बीएमआय मिळतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या ११० किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय ४० च्या किंचित वर येतो. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. श्वासाच्या दृष्टीने ३५ च्या पुढे विशेष सावध राहावे. शिंप्याच्या टेपने गळ्याचा घेर मोजावा. तो ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर त्याची नोंद करावी.

त्यानंतर आठ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती डॉक्टर ‘स्टॉप-बँग’ नावाने ओळखतात. बंद दाराबाहेर ऐकू जाईल असे घोरणे आहे का, दिवसा थकवा किंवा पेंग असते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का, बीएमआय ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, गळ्याचा घेर मोठा आहे का आणि रुग्ण पुरुष आहे का. प्रत्येक ‘हो’ला एक गुण द्यावा. तीन-चार गुण म्हणजे मध्यम शक्यता, पाच किंवा अधिक म्हणजे मोठी शक्यता.

शेवटच्या प्रश्नामुळे बायकांचा आजार मागे पडतो, म्हणून इथे थोडे थांबून लिहितो. आपल्याकडे बाई घोरते हे घरचे दवाखान्यात सांगत नाहीत आणि ती स्वतः तर मुळीच सांगत नाही. तिच्या तक्रारी वेगळ्या असतात : झोप लागत नाही, रात्री वारंवार जाग येते, सकाळी डोके दुखते, दिवसभर अंगात त्राण नसते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये झोपेतील श्वासरोधाचे प्रमाण वाढते. वजन जास्त असलेल्या पन्नाशीच्या बाईला या तक्रारींसाठी नुसत्या लोहाच्या आणि झोपेच्या गोळ्या दिल्या जात असतील, तर श्वासाची चौकशी राहून गेली आहे असे समजावे.

रात्रीचे निरीक्षण करताना वेळ महत्त्वाची आहे. बहुतेक लोक रुग्णाला झोप लागल्यावर दहा मिनिटे पाहतात आणि ‘नुसता घोरतोय’ म्हणून कूस बदलतात. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वाधिक सैल पडतात, त्यामुळे श्वास अडण्याचे प्रसंग पहाटे तीन ते पाचच्या सुमारास अधिक ठळक दिसतात. त्या वेळी खोलीत मंद दिवा ठेवून मोबाइलवर पाच-सात मिनिटांचे चित्रीकरण करावे, त्यात चेहरा, छाती आणि पोट तिन्ही दिसावेत आणि आवाज स्पष्ट यावा. घोरणे अचानक थांबते, पोट हलत राहते, मग घुरका येतो, हा क्रम चित्रीकरणात आला तर डॉक्टरांचे अर्धे काम तिथेच होते. मात्र चित्रीकरणात काही सापडले नाही म्हणून आजार नाही असे ठरवू नये.

करोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत. अतिस्थूल माणूस शांत बसलेला असताना, जागेपणी, आकडा वारंवार ९४ किंवा त्याखाली येत असेल तर ते नैसर्गिक नाही. पण हे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, म्हणून ९६ दिसले तरी दिवसाची पेंग आणि सकाळची डोकेदुखी यांकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरी पायरी : कोणाकडे जायचे आणि काय मागायचे

नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करावी, पण पुढचे काम छातीच्या डॉक्टरांचे आहे. जिल्ह्यात मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, शिवाय मिरज हे शंभराहून अधिक वर्षे रुग्णसेवेचे गाव आहे. जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळहून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि झोपेची तपासणी तिथे होते की बाहेरून करावी लागते, हे फोनवर विचारून घ्यावे. पेंगणाऱ्या रुग्णाला दोन वेळा एसटीचा प्रवास घडवण्यात अर्थ नाही. सोबत शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने यावेच. रुग्ण स्वतः ‘मला काही त्रास नाही’ असे सांगतो, आणि ते तो खोटे सांगत नसतो.

पहिल्या भेटीत एक साधी गोष्ट आठवणीने मागावी : शिरेतल्या रक्तातील बायकार्बोनेट. ही तपासणी स्वस्त आहे आणि अपुऱ्या श्वसनाचा माग काढायला फार उपयोगी आहे. शंका फारशी बळकट नसेल आणि हा आकडा २७ पेक्षा कमी आला, तर अपुरे श्वसन असण्याची शक्यता बरीच मावळते. आकडा २७ किंवा त्याहून अधिक असेल, किंवा लक्षणे ठळक असतील, तर मनगटातील धमनीतून रक्त घेऊन एबीजी म्हणजे रक्तातील वायूंची तपासणी करावी. ती थोडी दुखते, पण निदानाचा निर्णय तिच्यावरच होतो. त्याबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे होतो. पायांवर सूज असेल तर हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको करतात, कारण रात्रीचा कमी ऑक्सिजन वर्षानुवर्षे फुफ्फुसाच्या धमनीतील दाब वाढवतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर त्याचा भार पडतो. हिमोग्लोबिन अकारण १७-१८ असणे ही ‘रक्त चांगले असल्याची’ खूण मानून काही घरे खूश होतात. अशा रुग्णात ती रात्री ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण असू शकते.

तिसरी पायरी : झोपेची तपासणी आणि तिचा कागद

तपासणी दोन प्रकारे होते. घरी तंत्रज्ञ येऊन नाकाजवळ एक नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून जातो. किंवा रुग्णालयात रात्रभर झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हृदयाचे ठोके आणि पायांची हालचाल यांसह सगळे नोंदवले जाते. नुसत्या श्वासरोधाची शंका असेल तर घरची तपासणी बहुधा पुरते. बायकार्बोनेट वाढलेले असेल, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा दुसरा आजार असेल, तर रुग्णालयातील तपासणीचा आग्रह धरावा. त्या रात्री दारू किंवा नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी नको, दुपारची झोप नको, केसांना तेल नको. नेहमीची औषधे चालू ठेवावीत.

अहवालात एएचआय नावाचा आकडा असतो. झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा अडला किंवा खूप कमी झाला, याची ती सरासरी आहे. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. पण एवढाच आकडा वाचून कागद घडी घालून ठेवू नये. झोपेतला सर्वांत कमी ऑक्सिजन किती होता आणि तो ९० च्या खाली एकूण किती वेळ राहिला, या दोन ओळी मी तितक्याच महत्त्वाच्या मानतो. श्वास अडल्यावर ऑक्सिजन खाली जाऊन परत वर येत असेल तर ते श्वासरोधाचे चित्र. तो तासन् तास खालीच रेंगाळत असेल तर अपुऱ्या श्वसनाची शंका बळावते.

नुसता ऑक्सिजन हा यावरचा उपचार नव्हे

करोनानंतर अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत आणि बोटावर ८६ दिसले की ते सुरू करण्याचा मोह होतो. अपुऱ्या श्वसनाच्या रुग्णात हे धोक्याचे आहे. त्याच्या श्वासाला मिळणारा कमी ऑक्सिजनचा इशारा त्यामुळे मंदावतो, फुफ्फुसातील रक्तपुरवठ्याची जुळवणी बिघडते आणि कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. बोटावरचा आकडा ९८ होतो, घरच्यांना हायसे वाटते आणि रुग्ण मात्र अधिकाधिक गुंगीत जातो. म्हणून ऑक्सिजन डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मोजून आणि गरज असल्यास श्वासयंत्राच्या जोडीनेच द्यावा. अशा रुग्णांत आकडा साधारण ८८ ते ९२ दरम्यान ठेवला जातो. रुग्णवाहिकेत किंवा अपघात विभागात ‘यांचा कार्बन डायऑक्साइड वाढतो’ हे वाक्य घरच्यांनी पहिल्यांदा सांगावे आणि जुना एबीजीचा कागद दाखवावा.

रुग्ण हाका मारूनही नीट जागा होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बसूनही श्वास पुरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. तोवर त्याला आडवे झोपवू नये, टेकून बसवावे.

झोपेच्या गोळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि दारू ही सगळी श्वास मंदावतात आणि घसा अधिक सैल करतात. ‘झोप लागत नाही’ म्हणून मेडिकलमधून आणलेली एक गोळी अशा रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकते. मात्र महिनोन् महिने चालू असलेली क्लोनाझेपामसारखी गोळी एका दिवसात बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

चौथी पायरी : यंत्र निवडणे आणि त्याची सवय लावणे

मास्कमधून सतत एका दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही झोपेतील श्वासरोधाचा मुख्य उपचार तोच आहे. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते, त्यामुळे श्वासाला प्रत्यक्ष मदत होते. अपुरे श्वसन आणि तीव्र श्वासरोध दोन्ही असलेल्या, पण स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला बहुधा आधी सीपॅप देऊन पाहतात. श्वासरोध फारसा नाही पण कार्बन डायऑक्साइड वाढलेला आहे, किंवा रुग्ण श्वास खालावून दाखल झाला होता, तर बायपॅप लागते. दाखल असताना बायपॅपवर सुधारलेल्या रुग्णाने घरी जाताना यंत्राची सोय करूनच जावे आणि तीन महिन्यांच्या आत झोपेची तपासणी करून घ्यावी. यंत्र विकत घेण्यापूर्वी महिनाभर भाड्याने मिळते का ते विचारावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी.

यंत्र कपाटात जाते ते बहुधा पहिल्या पंधरवड्यातच, आणि कारण असते मास्क. मास्क आडवे झोपून, यंत्र चालू करून, कुशीवर वळून बसवून पाहावा. दुकानात खुर्चीवर नीट बसलेला मास्क अंथरुणावर गळतो. पट्टे करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, नाकावर व्रण मात्र पडतो. ज्याला मास्कने कोंडल्यासारखे होते त्याने काही दिवस संध्याकाळी बातम्या पाहताना, जागेपणी, अर्धा तास मास्क लावून बसावे. दाब हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रात असते, ती वापरावी. नाक कोरडे पडत असेल तर हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावावा आणि त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे. आपल्या पूर्व भागातील बोअरच्या पाण्याने काही आठवड्यांतच तळाशी क्षार धरतात. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने, नळी आठवड्यातून एकदा धुवावी आणि उन्हात न टाकता सावलीत वाळवावी.

यंत्रातील नोंदी पाहताना चार तास हा आकडा समोर येतो, तो किमान वापराचा आहे. उद्दिष्ट मात्र संपूर्ण झोपेचे, दुपारच्या झोपेसकट. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा रुग्ण नेमका सर्वांत वाईट तासांत विनायंत्र झोपतो.

वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालते का हे विक्रेत्याकडून लेखी समजून घ्यावे. इन्व्हर्टरवर असताना ह्युमिडिफायर बंद ठेवावा, कारण सर्वाधिक वीज तो खातो. यंत्र बंद पडले तर मास्क काढून, पाठीशी उशा रचून अर्धवट बसते झोपावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या वस्त्यांनी कित्येक दिवस अंधारात काढले. नदीकाठी राहणाऱ्या बायपॅपच्या रुग्णाने पाण्याची पातळी वाढू लागताच यंत्र, मास्क आणि अहवाल घेऊन वीज असलेल्या नातेवाइकांकडे आधीच हलावे.

पाचवी पायरी : वजन

झालेला अभ्यास असे सांगतो की वजन १० टक्क्यांनी घटले तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरतो. अपुरे श्वसन मिटण्यासाठी मात्र २५ ते ३० टक्के वजन उतरावे लागते, आणि एवढे वजन केवळ इच्छाशक्तीवर उतरवून टिकवणे फार थोड्यांना जमते. ज्यांना जमत नाही त्यांना दोष देणे चुकीचे आहे, असे मला ठामपणे वाटते. रात्रीचे जेवण सात-साडेसातला आटोपणे, चहातली साखर आणि भडंग-फरसाणाची येता-जाता उचललेली मूठ थांबवणे, भाकरीबरोबर डाळ-उसळ आणि भाजी वाढवणे, हे करावेच. चालणे यंत्र सुरू झाल्यानंतर वाढवावे. झोप सुधारली की पायांत बळ येते.

त्यापुढे औषधे आणि शस्त्रक्रिया आहेत. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींमधील मध्यम व तीव्र श्वासरोधासाठी मान्यता दिली आणि मार्च २०२५ पासून ते भारतात मिळू लागले. ते महाग आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे आणि बंद केल्यावर वजन परत चढते. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेसाठी भारतीयांत बीएमआय ३७.५, किंवा मधुमेह-श्वासरोधासारखा जोडआजार असल्यास ३२.५, ही मर्यादा बराच काळ वापरात आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, मग ती गुडघ्याची असो वा हर्नियाची, भूलतज्ज्ञांना श्वासरोधाची कल्पना द्यावी आणि यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे.

वाहन, आणि पुढच्या भेटी

पेंग येणाऱ्या माणसाने उपचार मार्गी लागेपर्यंत गाडी चालवू नये. ऊस हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉली हाकणारे आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रक चालवणारे यांच्या घरच्यांनी हे विशेष मनावर घ्यावे. रोजगाराचा प्रश्न आहे हे मान्य, पण यंत्राच्या नियमित वापराने ही पेंग अनेकांत काही आठवड्यांतच ओसरू लागते, म्हणून ट्रॅक्टरमालकाशी बोलून तेवढे दिवस दिवसाचे काम मागून घ्यावे.

यंत्र सुरू झाल्यावर महिन्याभरात पहिली भेट घ्यावी आणि यंत्रातील नोंदी दाखवाव्यात. अपुरे श्वसन असलेल्यांनी एक ते तीन महिन्यांत एबीजी पुन्हा करावी. नियमित वापरूनही कार्बन डायऑक्साइड उतरला नसेल तर सीपॅपऐवजी बायपॅपचा विचार होतो. वजन बरेच उतरले, की पूर्वीचा दाब जास्त वाटू लागतो, पोटात हवा भरते, मास्क सैल होतो. अशा वेळी यंत्र आपल्या मनाने बंद न करता झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि दाब नव्याने ठरवून घ्यावा.